जुनी तहसील कचेरी रिकामी पडलीय, कोर्टाला पहिला हक्क मिळतो का?

काजूबी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. तालुक्याचं नाव मुद्दाम टाकत नाही, वडलांचा दावा चालू आहे.

तर आमच्याकडे गेल्या वर्षी पाडव्यानंतर नवीन प्रशासकीय इमारत सुरू झाली, गावाबाहेर सड्यावर (वरच्या कातळाच्या माळावर). तहसील, भूमी अभिलेख, दुय्यम निबंधक, कृषी, सगळं तिकडे गेलं (रिक्षावाले खूश, म्हातारी माणसं नाखूश, तो वेगळा विषय). जुनी कचेरी तेव्हापासून कुलूप लावून पडलीय. जांभ्याच्या दोन हात जाडीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे लांब पडवी, मागे जुनं सबजेल. आणि बरोब्बर तिच्या समोर रस्त्यापलीकडे आमचं कोर्ट, भाड्याच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, खाली हार्डवेअरचं दुकान. जिना एवढा अरुंद की वरून आरोपीला घेऊन पोलीस उतरायला लागले की खालच्याने चार पायऱ्या मागे यायचं.

वडील ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे गेलेले. वाटणीचा दावा, प्रतिवादी २३, त्यातले निम्मे मुंबई-ठाण्यात, समन्स बजावण्यातच तीन गणपती गेले. मागच्या पावसात त्यांना धरून एक एक पायरी चढवत होतो तेवढ्यात वर पुकारा झाला, पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की काही ऐकूच आलं नाही, वर पोचलो तर पुढची तारीख पडलेली. वकील म्हणाले काही बिघडलं नाही, तसंही आज काही होणार नव्हतं. म्हणजे मग आम्ही आलो कशाला.

आता कानावर येतंय की जुन्या कचेरीच्या जागेवर नगरपंचायतीला गाळे काढायचेत, दुसरा गट म्हणतो पर्यटन माहिती केंद्र करा. कोर्टाचं नाव कोणी घेत नाही. प्रश्न एवढाच, सरकारी इमारत रिकामी झाली की शेजारच्या कोर्टाला आधी विचारायचं असा काही नियम आहे का? नसेल तर अर्ज कोणाकडे करायचा, आणि माझ्यासारख्या साध्या पक्षकाराच्या अर्जाला कोणी विचारतं का?

काळाकोट_एनएच६६

पक्षकाराने कोर्टाच्या जागेसाठी भांडायचं म्हणजे पेशंटने हॉस्पिटलला खाट आणून देण्यासारखं आहे, पण विचारलंस ते बरं केलंस.

कोर्टाला पहिला हक्क असं सांगणारं कलम मला तरी २२ वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सापडलेलं नाही. घोळ कुठे आहे बघ. राज्यघटनेच्या २३५ कलमाने खालच्या कोर्टांचं नियंत्रण हायकोर्टाकडे. पण दगड-विटा सरकारच्या. पैसा विधी व न्याय विभागाचा, बांधकाम पीडब्ल्यूडीचं, जमीन कलेक्टरची. म्हणजे न्यायाधीश साहेबांना समोरची रिकामी इमारत खिडकीतून रोज दिसते पण ते स्वतः जाऊन कुलूप उघडू शकत नाहीत. आणि महसूलवाल्यांना कोर्टाला जागा द्यायची सक्ती नाही, त्यामुळे जो आधी मागेल आणि ज्याच्या मागे आमदार असेल त्याला.

केंद्राची एक योजना आहे, १९९३-९४ पासून चालू, कोर्टाच्या इमारतींना पैसे देणारी, आपल्याकडे केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटा. पण तिचा सगळा भर नवीन बांधकामावर. त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात एकच, पाच एकर जागा शोधा, तीन मजली संकुल बांधा. तालुक्याच्या गावात कोकणात पाच एकर सपाट जागा म्हणजे परत सडाच. तोपर्यंत हार्डवेअरच्या दुकानावर.

रिकामी इमारत कोर्टाने वापरल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपलंच आहे की. ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी सिंधुदुर्गाची अपिलं आता तिकडे. ते कुठे बसलं? सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या जिल्हा कोर्टाच्या इमारतीत. जिल्हा कोर्ट कसबा बावड्याच्या नवीन संकुलात गेलं होतं म्हणून ती जागा हाताशी होती, डागडुजी केली आणि कामकाज सुरू. नवीन जागेची वाट बघत बसले असते तर आम्ही अजून मुंबईच्या गाड्या पकडत असतो. (आता आंबा घाटात दरड आली की अडकतो, ते सोड.)

मार्ग असा. बार असोसिएशनचा ठराव, त्याबरोबर मागणीचा अर्ज प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे, तिथून हायकोर्ट, पालक न्यायमूर्तींच्या (जिल्ह्यावर देखरेख ठेवणाऱ्या हायकोर्टाच्या न्यायाधीशांच्या) कानावर घालणं, आणि एक प्रत कलेक्टरला नक्की. तुझा एकट्याचा अर्जही चालतो पण ठरावाबरोबर जोडला तर वजन येतं. आणि लवकर कर, गाळ्यांचा प्रस्ताव मंजूर झाला की मग फक्त याचिकाच उरते.

निवृत्त_शाखा_अभियंता

वकील साहेब बरोबर आहेत पण एक पायरी राहिली. अर्ज करण्याआधी इमारत कोणाच्या नावावर आहे ते काढा. लोक तहसीलची इमारत म्हणतात म्हणून ती तहसीलदाराची होत नाही. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, आणि पीडब्ल्यूडीच्या उपविभागात इमारतींचं रजिस्टर असतं त्यात नोंद बघा. माझ्या नोकरीत एका ठिकाणी सहा वर्षं ज्या इमारतीसाठी पत्रव्यवहार चालला ती निघाली लोकल बोर्डाच्या काळातली, म्हणजे आता झेडपीची, सगळी पत्रं चुकीच्या टेबलावर.

दुसरं, जुन्या कचेरीत कोर्ट हॉल होईल अशी स्वप्नं बघू नका. मी अशा दोन इमारती दुरुस्त केल्यात. खोल्या १२ बाय १६, फार तर १४ बाय २०. सगळा भार भिंतींवर, कॉलम नाहीत. मधली भिंत काढून मोठा हॉल करतो म्हणालात तर वरच्या कैच्या आणि तुळया कशावर ठेवणार? कोर्टाला डायस पाहिजे, जज साहेबांना वेगळा दरवाजा, आरोपीला वेगळी वाट, साक्षीदाराचा पिंजरा, त्यात २३ प्रतिवादी आणि त्यांचे वकील. स्ट्रक्चरल ऑडिट केल्याशिवाय कोणीही इंजिनियर सही करणार नाही आणि करूही नये.

तिसरं आणि महत्त्वाचं. कुलूप लावून पडलीय म्हणता, म्हणजे एक पावसाळा तिने खाल्लाय. वापरात असताना दर मे महिन्यात कौलं परतली जातात, फुटकी बदलतात, कोण तरी वर बघतं. बंद पडली की माकडं कौलं सरकवतात, पाणी थेट वाशाच्या टोकावर, जिथे वासा भिंतीत बसतो तिथेच कुजतो, त्यात वाळवी. दोन पावसाळ्यांनी एक कोपरा बसतो. मग इमारत धोकादायक म्हणून निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून पाडायचा, प्रस्ताव जातो, मोकळा प्लॉट होतो, आणि गाळ्यांचा नकाशा तोपर्यंत तयार असतो. मुद्दाम करतात असं म्हणत नाही. पण कौलं परतायची राहतात ती राहतातच.

बावनदी_पलीकडली

सगळे हॉल आणि डायसचं बोलताय, मी संडासाचं बोलते. आईच्या पोटगीच्या केससाठी मी दोन वर्षं एका तालुका कोर्टात गेले. बायकांसाठी एक संडास होता, त्याला कडी नव्हती आणि बादली बाहेरून आणायची. सकाळी सहाच्या एसटीने निघायचं आणि चहासुद्धा घ्यायचा नाही, का तर जावं लागू नये म्हणून. आई मधुमेही. एकदा बाजूच्या खानावळीत विचारलं तर मालकीण म्हणाली कोर्टवाल्या सगळ्या बायका इथेच येतात गो, जा.

२०२१ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा औरंगाबादला हायकोर्टाच्या नवीन इमारतीच्या उद्घाटनाला आले होते, भाषणात आकडा दिलेला की देशातल्या २६ टक्के कोर्ट संकुलांत बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृहच नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकालच दिलाय की प्रत्येक कोर्टात पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी वेगळी सोय पाहिजे. मग अर्जात हे टाका ना! हॉल मोठा पाहिजे म्हटलं की बजेट आणि नकाशा आणि पाच वर्षं. पण समोरच्या रिकाम्या कचेरीत जी स्वच्छतागृहं आधीच बांधलेली आहेत ती कोर्टाच्या लोकांना उघडून द्या, एवढं सांगायला कुठली समिती लागते.

वाडीवरचा_मास्तर

थोडं विरोधात बोलतो, राग नसावा. कोर्टाला पहिला नंबर का? आमच्या उपकेंद्राची नर्स एका पडवीत इंजेक्शन देते. अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात भरते. रिकामी सरकारी जागा मिळाली तर आधी त्यांना द्या, कोर्टात माणूस महिन्यातून एकदा जातो, तेही तारीख घ्यायला.

आणि हे रिकाम्या इमारतींचं वारं एकदा सुटलं की सगळ्यांचं लक्ष बंद पडलेल्या शाळांवर जातं हे अनुभवाने सांगतो. आमच्या वाडीची शाळा पट नाही म्हणून बंद झाली. सगळी तरणी पोरं मुंबईला, पट येणार कुठून. मग एका सभेत एक जण म्हणाला तिथे ग्रामन्यायालय करू. कागदावर छान आहे, २००८ चा कायदा आहे, न्यायाधिकाऱ्याने गावोगाव फिरून कामकाज चालवायचं त्यात लिहिलंय. पण त्या शाळेची चार गुंठे जागा माझ्या आजोबांनी बक्षीसपत्राने दिली ती शाळेसाठी, कागदात तसं स्पष्ट लिहिलंय, आणि इमारत झेडपीची. राज्य सरकारने हायकोर्टाला परस्पर देऊन टाकायची ती वस्तू नाही. आमच्याकडे अर्ध्या शाळांचं असंच आहे, कोणाच्या तरी आजोबांनी तोंडी नाहीतर कागदावर दिलेली जागा. शाळा बंद झाली की वारस सातबारा घेऊन उभे. म्हणजे कोर्टाला इमारत द्यायला गेलात आणि त्या इमारतीचाच दावा त्याच कोर्टात.

काळाकोट_एनएच६६

मास्तर, शेवटचं वाक्य आमच्या बार रूममध्ये लावतो.

पण पहिल्या मुद्द्यावर सहमत नाही. अंगणवाडी कुठल्याही चांगल्या खोलीत भरते. कोर्ट गावाबाहेर गेलं की त्याच्याबरोबर स्टॅम्प वेंडर, टायपिंगवाला, झेरॉक्स, बेलिफ, पोलीस सगळं ओढलं जातं, आणि पक्षकाराला एसटी स्टँडवरून परत रिक्षा. ओरोसचंच बघा. १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, मुख्यालय मोकळ्या जागेवर वसवलं, कार्यालयं ऐसपैस झाली पण कामासाठी आलेला माणूस अजून बसचं वेळापत्रक बघून साक्ष देतो. एसटी स्टँडच्या जवळची सरकारी इमारत कोर्टाला आधी विचारा आणि लांबची दुसऱ्या कोणाला, असं असेल तर माझी हरकत नाही.

माजी_नाझर

मी ३१ वर्षं वेगवेगळ्या तालुका कोर्टांत काढली, शेवटची आठ नाझर, म्हणजे कोर्टाचं सामान सांभाळणारा, म्हणून. वरचं सगळं वाचलं. सगळे हॉलबद्दल भांडतायत, पण कोर्टाची जागा हॉल खात नाही हो. जागा खातो मुद्देमाल (खटल्यात जप्त झालेल्या वस्तू) आणि रेकॉर्ड.

एका कोर्टात आमच्याकडे मुद्देमालाच्या खोलीत दारूचे कॅन, तीन सायकली, होडीचं एक आउटबोर्ड मशीन, कोयते, आणि एका मारामारीतला नांगर होता. नांगर! निकाल लागून अपील झालेलं म्हणून टाकता येत नाही. ती खोली भरली म्हणून रेकॉर्ड पॅसेजमध्ये आलं, पॅसेज भरला म्हणून पक्षकारांचा बाक गेला जिन्यात. तुमच्या वडलांना जिन्यात पुकारा ऐकू आला नाही त्याचं मूळ असल्या नांगरात असतं.

आता जुनी कचेरी म्हणजे काय होतं ते बघा. तिथे उपकोषागार असायचं. म्हणजे एक खोली अशी की खिडकीला दुहेरी गज, दरवाजा लोखंडी, भिंत सगळ्यात जाड. मुद्देमालाला ह्याच्यापेक्षा चांगली जागा पीडब्ल्यूडी नवीन बांधून देणार नाही. मागे सबजेल आहे म्हणता, तारखेला आणलेले आरोपी बसवायला ती कोठडी आयतीच. आणि पडवी पक्षकारांना. कोर्ट हॉल राहू दे वर आहे तिथेच, मुद्देमाल आणि बाक समोर न्या, वर दोन खोल्या आपोआप मोकळ्या होतात.

फक्त रेकॉर्ड नेऊ नका, हात जोडून सांगतो. कौलारू छपराखाली जून ते सप्टेंबर कागदाला जो दमट वास लागतो तो जात नाही. मी स्वतः १९६० च्या आसपासच्या वाटणीच्या फायली उन्हात घातल्यात, पानं एकमेकांना अशी चिकटलेली की सुरीने सोडवायची. आणि तळमजला असेल तर आधी पुराची रेषा बघा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, तळमजल्यावरचा कागद म्हणजे लगदाच.

एक गंमत सांगतो. ह्या कचेऱ्या मुळात कोर्टंच होती. मामलेदार वसुलीही करी आणि फौजदारी खटलेही चालवी. मुंबई राज्यात १९५१ चा कायदा करून न्याय आणि कारभार वेगळे केले तेव्हा न्यायाधीश बाहेर पडले आणि भाड्याची घरं शोधत बसले, मामलेदाराने इमारत स्वतःकडे ठेवलीन. रस्ता अडवल्याचे दावे तर तहसीलदार अजून मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ खाली चालवतात. तेव्हा कोर्टाने कचेरी मागणं म्हणजे नवीन काही मागणं नाही, आमचंच घर आहे ते.

सड्यावरना_बघणारो

आमच्या हय पण तसाच आसा. सरकारी इमारत कुलपात आणि कोर्ट भाड्यान. भाडा कोण देता? आपणच.

डोंबिवली_टू_देवगड

भाचा अमेरिकेत रिअल इस्टेटच्या कामात आहे, त्याला सहज विचारलं. तिकडे केंद्र सरकारची इमारत नको झाली की जीएसए नावाचं खातं आधी केंद्राच्याच इतर खात्यांना विचारतं. कोणालाच नको असेल तर ती अतिरिक्त ठरते, मग १९८७ च्या एका कायद्याप्रमाणे बेघरांच्या सोयीसाठी कोणी मागतंय का ते आधी बघतात, मग राज्य आणि स्थानिक संस्थांना शाळा, बगीचा, तुरुंग अशा कामांसाठी, आणि शेवटी उरलं तर लिलाव. म्हणजे तिकडेही कोर्टाला पहिला मान आहे असं काही नाही, पण रांग ठरलेली आहे आणि कोणाच्या मागे कोण ते सगळ्यांना माहीत. आपल्याकडे रांगच नाही, सगळे खिडकीवर एकदम. मास्तरांची नर्स आणि कोर्ट दोघांनाही रांगेत नंबर मिळाला तरी भांडण अर्धं मिटेल असं वाटतं, पण मी पडलो आयटीवाला.

काजूबी

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. चार दिवसांत काय झालं ते सांगतो.

मिळकत पत्रिका काढली. इमारत महाराष्ट्र शासनाची, ताबा महसूल खात्याचा, झेडपीचा संबंध नाही. मास्तर, बक्षीसपत्र वगैरे पण नाही, निदान कागदावर तरी.

मग काल बारचे सेक्रेटरी, मी आणि चावी असलेले कोतवाल असे आत गेलो. मी टेप नेली होती. पडवी ५८ फूट लांब, साडेनऊ फूट रुंद, एका कडेला दगडी बाक अजून शाबूत, त्यावर कोणीतरी खिळ्याने नावं कोरलेली. नाझर साहेब, तुमची खोली सापडली! दरवाज्यावर उपकोषागार अशी पुसट अक्षरं, दुहेरी गज, आत वटवाघळांची घाण सोडली तर कोरडी ठाक. सबजेलच्या दोन कोठड्या आहेत, एकीत जुन्या मतपेट्या. मागे स्वच्छतागृहं तीन, पाण्याची टाकी फुटलीय पण नळ आहे. ताई, तिन्हींना आतून कड्या आहेत, मी स्वतः लावून बघितल्या.

अभियंता काकांचं पण खरं निघालं. ईशान्येच्या कोपऱ्यात कौलं सरकलीत, एका वाशाचं टोक हाताने दाबलं तर बोट आत गेलं. खालची भिंत हिरवी.

ठराव शनिवारी आहे. सेक्रेटरी म्हणाले हॉल मागायचाच नाही, नाझर साहेबांनी सांगितलं तेवढंच मागू, मुद्देमाल, पडवी, स्वच्छतागृह. वडील म्हणतात पडवी मिळाली तर पुकारा करणाऱ्याला रस्ता ओलांडून यावं लागेल, तो येणार आहे का? ह्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

माजी_नाझर

लाउडस्पीकर. पडवीत एक कर्णा लावायचा, वर माइक. १५०० रुपयात होतं. वडलांना नमस्कार सांगा, प्रश्न बरोबर विचारलान त्यांनी.

निवृत्त_शाखा_अभियंता

बोट आत गेलं म्हणजे तो वासा गेला, पण एकच असेल तर शेजारी जोडवासा देता येतो, घाबरू नका. शनिवारच्या ठरावात एक ओळ वाढवा. जागा कोणाला द्यायची ते ठरेल तेव्हा ठरेल, तोपर्यंत कौलं परतून द्यावीत म्हणून उपअभियंत्याला वेगळं पत्र, देखभाल दुरुस्तीखाली. बारने वर्गणी काढून स्वतः माणूस वर चढवू नका, सरकारी इमारत आहे, कोणी पडला तर नसती आफत. पत्राची पोच घ्या. आणि एप्रिल संपायच्या आत द्या, मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कौलं परतणारे गडी कोणालाच मिळत नाहीत.

काजूबी

पत्र आजच टाइप करतो. कोतवाल म्हणाले एक शिडी कचेरीतच पडलीय, माळ्यावर.